गोळ्या न घेता

शनिवार, ६ सप्टेंबर २०२५

जे झालं ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. सात वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे माझं मोठं आतडं काढलं. लहान आतड्याचं टोक दुमडून, शिवून आत एक थैली केली. तिला पाऊच म्हणतात. टाके भरून येईपर्यंत तीन महिने पोटावर पिशवी होती. मग ती काढली.

२. तेव्हापासून मी महाप्याच्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये नोकरी करते. मोजमापाची यंत्रं बरोबर दाखवतात का, ते तपासते. माझे सर्जन नवीन पेशंटना माझं उदाहरण देतात. काहींना माझ्याशी बोलायला लावतात.

३. गेल्या महिन्यात मोनालीशी बोलले. वय एकवीस. तिचं मोठं आतडं जानेवारीत काढलं, तेव्हापासून पोटावर पिशवी आहे. आता पाऊच करून घ्यायचा की पिशवी कायम ठेवायची, हे तिने ठरवायचं आहे.

४. तिने एकच प्रश्न विचारला. तीन तास न उठता बसता येतं का? ती स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. मी म्हणाले, येतं, एप्रिलमध्ये सकाळच्या परीक्षेला बसले होते.

५. काल तळोज्याच्या एका कारखान्यात प्रेशर गेज तपासायला गेले होते. चौथ्या रीडिंगला काम सोडून उठावं लागलं. टॉयलेट दुसऱ्या शेडमध्ये होतं. मी वेळेत पोचले नाही.

६. उरलेली रीडिंगं लॅबमधल्या कमळाकरने घेतली. त्याला मी ॲसिडिटी सांगितली. बॅगेत दुसरी पँट होती. ती नेहमीच असते.

चौथ्या मुद्द्यात खोटं काही नाही. एप्रिलमध्ये ऑडिटरच्या परीक्षेला मी पूर्ण तीन तास बसले होते. आदल्या दिवशी दुपारनंतर जेवले नव्हते आणि सकाळी जुलाब थांबवायच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. पण ते तिने विचारलं नव्हतं.

रविवार, ७ सप्टेंबर

पौर्णिमा. विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन होतं. आईने दोघींच्या पांढऱ्या साड्या पलंगावर काढून ठेवल्या होत्या. मी साडीला इस्त्री नाही म्हणाले आणि गडद निळा कुर्ता घातला. विहारात दाराजवळ बसले, तिथे वारा येतो. मधे दोनदा बाहेर जाऊन आले.

घरी आल्यावर साडी कपाटात ठेवताना लक्षात आलं, इस्त्री केलेली होती. 

गुरुवार, ११ सप्टेंबर

संध्याकाळी मोनाली आईवडिलांना घेऊन घरी आली. वडील ज्ञानू, एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. मूळचे साताऱ्याकडचे. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते कांद्याची गोणी खांद्यावर घेऊन आले आणि धापही लागली नव्हती.

आई म्हणाली, एवढा कांदा कोण खाणार, घरात आम्ही दोघी.

"आक्का, कोरडा माल हाय. दिवाळीपत्तोर हलत न्हाई," ज्ञानू म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पोरगी कुनाचं ऐकत नव्हती बघा. डॉक्टर झाले, मामा झाले. तुमी बोलला आन् दुसऱ्या दिवशी हो म्हनली."

कांद्याने मला त्रास होतो. मी आभार मानले.

ऑपरेशन ठरलं आहे. वेणूबाई, म्हणजे मोनालीची आई, नवरात्रात नऊ दिवस उपास धरते. घट उठले की शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला भरती. माझ्यासारखं नंतर तीन महिने थांबायचं नाही, पाऊच होईल तेव्हाच पोटावरची पिशवी निघेल. कोरेगावचं एक स्थळ आहे, ते तुळशीच्या लग्नानंतर बघायला येणार. त्यांना पिशवीचं सांगितलेलं नाही. वेणूबाईने माझ्या पोटावर किती व्रण आहे ते विचारलं, आणि आवाज खाली आणून, माझं बघतायत का. मी बोलायच्या आत आई म्हणाली, बघतोय, घाई काही नाही.

मोनालीने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, मागच्या रविवारी अभ्यासिकेत सराव पेपर दिला. पिशवी रिकामी करून बसली, पेपर संपेपर्यंत उठली नाही.

"पिशवीचं काय कौतिक सांगतीस लोकाच्या घरात," वेणूबाई म्हणाली.

"लोकाचं कुठे, आई. ताईंना सगळं माहितीये." मग माझ्याकडे बघून, "ताई, तुमचा पाऊच आता पण तसाच चालतो ना?"

मी चालतो म्हणाले. ती माझ्या कपाकडे बघत होती. मी चहा घेतला नव्हता.

तोच प्रश्न तिने परत का विचारला ते कळलं नाही. उत्तर एकदा दिलेलं आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज कमळाकरवर आवाज चढवला. तो घणसोली गावचा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, हात अचूक. पण घाई करतो. एका कंपनीचं गेज वार्षिक तपासणीला आलं होतं. त्याने ते सरळ ॲडजस्ट केलं आणि मग रीडिंग घेतलं. नियम उलटा आहे. गेज हातात आलं तेव्हा काय दाखवत होतं ते आधी लिहायचं. त्याला आम्ही ॲज फाउंड म्हणतो. मगच हात लावायचा.

तो म्हणाला, "आता बरोबर दाखवतंय ना, बाय? मग?"

"वर्षभर ते काय दाखवत होतं, ते आता कोणालाच कळणार नाही. त्या काट्यावर भरवसा ठेवून माणसं वॉल्व्ह उघडतात."

हे मी सगळ्यांसमोर बोलले. तसं नको होतं. त्याने कान पकडला, सर्टिफिकेट थांबवलं, कंपनीला फोन करून चूक सांगितली. फोनवर शिव्या खाल्ल्या. निघताना म्हणाला, "खरी रागावलीस का उपाशी हायस म्हनून रागावलीस? डबा आज पन तसाच चाललाय तुझा."

मी म्हणाले, भूक नव्हती.

शनिवार, २० सप्टेंबर

रक्त. थोडा ताप. मागच्या वेळचं अँटिबायोटिक उरलं होतं, ते सुरू केलं. पूर्वी असं वर्षातून एकदा व्हायचं. या वर्षी हे पाचव्यांदा. दर वेळी आटोक्यात आलं आहे. जे आटोक्यात येतं त्याला बिघाड म्हणता येत नाही.

मोनालीचा मेसेज आला होता. मी सकाळच्या परीक्षेला काय खाऊन गेले होते, असं तिने विचारलं. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

वार्षिक तपासणी. सर्जननी नेहमीसारखं विचारलं, दिवसातून किती वेळा? मी सहा सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं.

"गोळ्या घेऊन की न घेता?"

"घेऊन."

"न घेता?"

मला माहीत नव्हतं. मी मोजलेलं नाही. त्यांनी विचारलं, जेवण किती वेळा. मी तेही बरोबर सांगितलं नाही. मग स्मिताताईंनी माझं वजन केलं. त्या हॉस्पिटलच्या स्टोमा नर्स, सात वर्षांपूर्वी मला पिशवी बदलायला त्यांनीच शिकवलं. वजन बघून, काटा बिघडला असेल म्हणून त्यांनी त्यावर दोनदा थाप मारली.

तीन दिवस गोळ्या बंद, अँटिबायोटिक बंद, तीन वेळा साधं जेवण. चौथ्या दिवशी दुर्बिणीने तपासणी. डॉक्टर म्हणाले, जसं आहे तसं मला बघू दे.

रिक्षात बसल्यावर कमळाकरला काय म्हणाले होते ते आठवलं. डॉक्टरांना मी दर वर्षी ॲडजस्ट केल्यानंतरचा आकडा देत आले आहे. मोनालीलाही तोच दिला.

हे वाक्य मी दोनदा खोडलं. राहू दे.

गुरुवार, २५ सप्टेंबर

रजा घेऊन घरी आहे. न घेता: चौदा. झोपेत तीन वेळा उठावं लागतं ते धरून. एकदा उठायच्या आधीच.

यापुढे काही लिहिण्यासारखं नाही, पण आईचं लिहिते. बाथरूमच्या बाहेर स्टूल आहे. त्यावर धुतलेला गाऊन असतो. मी आत असताना ती ठेवून जाते. दार वाजवत नाही, कोण आहे, झालं का, असं काही नाही. आज मी बाहेर आले तेव्हा ती स्टूलवरच बसली होती.

"तू नळ सोडून बसतेस, मला ऐकू येऊ नये म्हणून," ती म्हणाली. "दोन वर्षं नळच ऐकतेय."

मी म्हणाले, विचारायचं होतंस.

"विचारलं असतं तर बरी आहे म्हणाली असतीस. आणि मग मला ते खरं धरून चालावं लागलं असतं."

तिने वरणभात केला होता. मी जेवले. ती समोर बसून जेवली. नंतर जे व्हायचं ते झालं, पण जेवले.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

निकाल. पाऊच पूर्ण सुजलेला आहे. आत जखमा आहेत. आतडं जिथे जोडलं आहे तिथली वाट अरुंद झाली आहे. ती आज थोडी रुंद केली. पुढचे चार महिने इंजेक्शनं. त्याने सूज उतरली तर ठीक. नाही उतरली तर पाऊच बंद करून पुन्हा पोटावर पिशवी. ती बहुधा कायमची.

मी विचारलं, आधी आले असते तर? ते म्हणाले, तर चार महिन्यांची वाट बघायला मी एवढा घाबरलो नसतो. याचा अर्थ त्यांनी उलगडून सांगितला नाही. मी विचारला नाही.

मग मोनालीचं विचारलं. ते म्हणाले, तिला आकडे सगळे सांगितले आहेत. पाऊच केलेल्या दहांपैकी साधारण एकाला तो पुढे काढावा लागतो. सूज तर बऱ्याच जणांना कधी ना कधी येते, बहुतेकांची औषधाने जाते. बहुतेक जणांना ऑपरेशन केल्याचा पस्तावा होत नाही. हे सगळं खरं आहे. माझ्या तपासणीबद्दल मात्र तिला त्यांच्याकडून कळणार नाही. ते माझं आहे, मी सांगायचं की नाही ते मी ठरवायचं.

बाहेर स्मिताताई भेटल्या. त्यांना कळलं होतं.

"आता ऐन वेळी घाबरवू नकोस ग तिला," त्या म्हणाल्या. "माझे किती पाऊचवाले छान आहेत. पण ते बोलायला येत नाहीत. बरी झालेली माणसं फोनसुद्धा उचलत नाहीत, कामात असतात. बोलायला येतेस तू एकटी. आणि आता तूच असं सांगणार."

त्या चूक नाहीत. माझं एक रीडिंग म्हणजे सगळ्यांचं नव्हे. पण आकडे मोनालीला आधीच माहीत होते. तिने मला आकडे विचारलेच नव्हते.

शनिवार, २७ सप्टेंबर

आधी तिच्या वडिलांशी बोलावं असं ठरवलं. ते बरोबर होतं का, माहीत नाही. ती एकवीस वर्षांची आहे, सरळ तिच्याशीच बोलायला हवं होतं. पण तिच्याशी बोलायचं म्हटलं की मला वाक्य सुरू करता येत नव्हतं.

कांदा-बटाटा मार्केटला गेले. ट्रक खाली होत होता. ज्ञानू पाठीवर गोणी घेऊन गाळ्यात शिरले, मला बघून गोणी थप्पीला लावली आणि डोक्यावरचा टॉवेल झटकून मला बसायला दिला. टोळीतला एकजण म्हणाला, ज्ञानबा, आज सायेब कोन आलं? ते म्हणाले, माझ्या पोरीची डॉक्टरीण हाय. मी नाही म्हणाले. कुणी ऐकलं नाही. चहा आला.

मी सांगितलं. तपासणी, सूज, चार महिने, कदाचित पिशवी. तीन तास कसे बसले होते तेही.  चहा त्यांच्या हातातच राहिला.

"म्हंजी तुमाला परत पिशवी."

"कदाचित."

"वाईट झालं, ताई." त्यांनी चहा खाली ठेवला. "पन मोनीला हे बोलू नका."

मी का म्हणून विचारलं.

"ती मुळात पिशवीलाच राजी व्हती. मला म्हनली, अण्णा, ऱ्हाऊ दे, आता तरास न्हाई, मी हिंडती, अभ्यास करती. तिची आई रडून रडून दमली. मग तुमी बोलला, तवा कुटं हो म्हनली. आता तुमी फिरला की ती बी फिरनार. कोरेगावची मानसं आल्यावर काय दावायचं त्यांना? पिशवी?"

मी म्हणाले, मी फिरत नाही. मी आधी पूर्ण सांगितलं नव्हतं.

"मग आतापन सांगू नका. शुक्रवारी निघू द्या ती. फुडचं फुडं बघू. दहातले नऊ बरे ऱ्हात्यात, डॉक्टर सोता म्हनले. माझी पोरगी नवातली कशावरनं न्हाई?"

 ती नवातली असण्याची शक्यताच जास्त आहे. मी वचन दिलं नाही, नाहीही म्हणाले नाही. ते मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले. वाटेत दोन केळी घेऊन हातात दिली. म्हणाले, उपाशी दिसताय, तोंडावर कळतंय.

माझ्या तोंडावर कळतं, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

रविवार, २८ सप्टेंबर

सकाळपासून विचार करते आहे. सांगितलं तर: तिचं स्थळ जाईल, घरात भांडण होईल, आणि कदाचित जो पाऊच तिला चाळीस वर्षं नीट चालला असता तो ती करून घेणार नाही. नाही सांगितलं तर: सगळं चांगलं होण्याची शक्यता मोठी आहे, आणि मला कोणी विचारणारही नाही.

माझ्यासाठी दुसरं सोपं आहे. मला दुसरं हवं होतं. दुपारी दोन वाजेपर्यंत मी ते ठरवूनही टाकलं होतं.

मग तिचा तो मेसेज परत उघडला. परीक्षेला काय खाऊन गेला होतात, ताई? आठ दिवस उत्तराविना पडला आहे. त्याखाली तिने कालच आणखी एक ओळ टाकली आहे. "राहू दे, कामात असाल."

खालचा मजकूर आता तिला पाठवला. इथे उतरवून ठेवते, नंतर मी तो मनातल्या मनात सौम्य करू नये म्हणून.

मोनाली,

परीक्षेच्या सकाळी मी काही खाल्लं नव्हतं. आदल्या दुपारपासून नाही. जुलाब थांबवायच्या दोन गोळ्या घेतल्या होत्या. म्हणून तीन तास बसता आलं. तू विचारलंस तेव्हा हे सांगायला हवं होतं.

गोळ्या आणि उपास दोन्ही सोडून मी या आठवड्यात तीन दिवस मोजलं. दिवसाला चौदा वेळा जावं लागतं. कधी वेळेत पोचत नाही. शुक्रवारी तपासणी झाली. माझा पाऊच सुजला आहे. चार महिने औषध चालेल, सूज नाही उतरली तर मला पुन्हा पिशवी लागेल. घरी तू विचारलंस, तसाच चालतो ना, तेव्हाही तो चालत नव्हता.

पहिली चार वर्षं चांगली होती. तेही खरं आहे, मी सगळं खायची. माझ्यासारखं थोड्यांचं होतं. डॉक्टरांनी तुला दिलेले आकडे बरोबर आहेत, आणि बहुतेकांचं नीट चालतं. त्यातल्या दोघींशी तुझं बोलणं करून द्या, असं मी स्मिताताईंना आत्ताच सांगितलं आहे. त्या नाराज आहेत, पण करतील.

पिशवीबद्दल मी तुला म्हणाले होते की ते दिवस फार वाईट होते. ते तीनच महिने होते आणि त्यात मी एकदाही घराबाहेर पडले नाही. तेव्हा पिशवीबद्दलचं माझं मत धरू नकोस. तू ती नऊ महिने वापरते आहेस, अभ्यासिकेत जातेस, पेपर देतेस. त्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

काल तुझ्या अण्णांना भेटले. त्यांनी हे तुला सांगू नका म्हणून सांगितलं होतं. त्यांच्यावर रागावू नकोस. मी त्यांचं ऐकलं नाही, याचा राग त्यांनी माझ्यावर धरला तर ते बरोबर आहे.

ऑपरेशन कर किंवा करू नकोस, असं मी म्हणत नाही. काय ठरवतेस ते मला कळवायलाच हवं असं नाही. फक्त हे तू स्वतः वाचलंस, एवढं कळव. बुधवारपर्यंत, १ ऑक्टोबर.

संघमित्रा